वडिलांना प्रवेश मोफत

"बाबा, तुम्ही पुढं व्हा. काका, तुम्ही जरा सावलीला थांबा."

आमच्या तिकीटखिडकीला मधोमध एक अर्धगोल भोक आहे. त्यातून आवाज आधी येतो आणि माणूस नंतर दिसतो. हा आवाज मला आवडला होता, हे आता सांगायला हरकत नाही. पण त्या दिवशी मी घामाघूम झाले होते, पंखा रुसून बसला होता आणि फादर्स डेच्या रांगेनं माझं डोकं उठवलं होतं.

आमचं वस्तुसंग्रहालय नगरमध्ये सावेडीच्या बाजूला आहे, एका जुन्या सरकीच्या गोदामात. तिथे मोटा, तिफणी, जाती, लामणदिवे, कुलपं आणि एक अख्खी खोली भरून अडकित्ते मांडलेले आहेत. एरवी शाळेच्या सहली सोडल्या तर तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. पण त्या जूनमध्ये विश्वस्तांच्या डोक्यात काहीतरी आलं आणि फाटकावर फलक लागला. 'फादर्स डेनिमित्त वडिलांना प्रवेश मोफत. सोबत मूल हवं.' झालं, सकाळपासून शहर आपापला बाप घेऊन आमच्या दारात. एका पन्नाशीच्या गृहस्थांनी विचारलं, मूल म्हणजे किती वयाचं चालेल? त्यांच्या मागे ऐंशीचे वडील काठी टेकून उभे होते. मी म्हटलं, ते तुम्हाला रागावतात तोवर चालेल. वडील लगेच म्हणाले, मग चालेल.

प्रत्येक वडिलांच्या शर्टाला मी एक गोल पिवळा बिल्ला लावत होते. त्यावर 'बाबा' एवढंच लिहिलेलं. तर त्या आवाजामागून आधी एक धिप्पाड, मिशीवाले, फेट्यातले आजोबा पुढे आले. हे बाबा. मी त्यांना बिल्ला लावला, मोफतचं तिकीट दिलं, आणि सावलीत उभ्या असलेल्या किडकिडीत काकांचं आणि त्या तरुणाचं अशी दोन तिकिटं फाडली.

"मॅडम, थोडं उलटं झालं," तो तरुण म्हणाला. आता चेहरा दिसला. सावळा, हसरा, केस वाऱ्यानं विस्कटलेले. "माझे वडील ते आहेत. सावलीतले."

"आत्ता तुम्ही त्यांना काका म्हणालात."

"हो. काकाच म्हणतो."

"आणि यांना बाबा म्हणालात."

"हे माझे चुलते."

रांगेत खसखस पिकली. नियम म्हटला की माझा कणा आपोआप ताठ होतो. हे घरचं आहे, त्याबद्दल पुढे सांगते. मी म्हटलं, वडिलांना काका म्हणणारा मुलगा मी तरी पाहिलेला नाही. फेटेवाले आजोबा छातीवरचा बिल्ला कुरवाळत म्हणाले, "ऱ्हाऊ दे की पोरी, एक दिस मला बी बाप हुऊ दे त्याचा." आणि तो तरुण... त्याला भांडता आलं असतं. त्यानं फक्त माझ्याकडे पाहिलं, हसला, तिकिटं घेतली आणि दोघा म्हाताऱ्यांना घेऊन आत गेला. भांडला असता तर मी त्याला पाच मिनिटांत विसरले असते.

थोड्या वेळानं रांग ओसरली आणि तो एकटाच खिडकीशी आला. मला वाटलं, आता पैसे परत मागणार.

"तिकिटाचं राहू द्या," तो म्हणाला, "एक बिल्ला मिळेल का?"

मग त्यानं सांगितलं. नाव रविराज. घर जामखेडजवळच्या एका गावात, नोकरी सुप्याच्या एमआयडीसीत. घर एकत्र. थोरले रंगनाथ, म्हणजे ते फेटेवाले, आणि धाकटे सहादेव, म्हणजे याचे वडील. थोरल्यांची मुलं रंगनाथांना बाबा म्हणायची आणि सहादेवांना काका. हा सगळ्यांत धाकटा. जे कानावर पडलं तेच बोलायला शिकला, आणि कुणी सुधारलं नाही. सुधारायचं कुणाला सुचलंही नाही, कारण त्या घरात थोरल्या भावासमोर स्वतःच्या पोराला उचलून घ्यायचं नसे, त्याचे लाड करायचे नसत. तशी रीतच होती. हा वाढला तो चुलत्याच्या खांद्यावर.

"काकांनी मला कडेवर घेतलेलं मला आठवत नाही," तो म्हणाला. "आई सांगते, मी झोपल्यावर घ्यायचे. आत्ता आत बाबा तो बिल्ला मिरवतायत... आणि काका सारखे तिकडं बघतायत. बोलणार नाहीत ते कधी."

मी खिडकीवर 'थोड्या वेळात येते'ची पाटी लावली, बिल्ला घेतला आणि स्वतः त्याच्याबरोबर आत गेले. सहादेव तिफणीपाशी उभे होते, हात पाठीमागे बांधून. मी म्हटलं, तुमचा राहिला होता, माझीच चूक झाली. त्यांनी आधी थोरल्या भावाकडे पाहिलं.

"घे की," रंगनाथ म्हणाले. "बाप तूच हायस त्याचा. मी नुसता मिरवायलोय."

सहादेवांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली आणि माझ्यापुढे धरली. "हितं लावा," म्हणाले. मी टोपीला बिल्ला लावून दिला. त्यांनी ती दोन्ही हातांनी डोक्यावर ठेवली, नीट सारखी केली, आणि मग लेकाकडे असं पाहिलं की मलाच तिथून बाजूला व्हावंसं वाटलं. रविराज चटकन वळला आणि शेजारच्या खोलीतले अडकित्ते पाहू लागला. अडकित्ते इतकं मन लावून आजवर कुणी पाहिलेले नाहीत. नंतर कळलं, जामखेडच्या एसटीत बसेपर्यंत सहादेवांनी टोपी डोक्यावरून काढली नव्हती.

बाहेर आल्यावर मी त्याला एका तिकिटाचे पैसे परत देऊ लागले. त्यानं हात मागे घेतला.

"असू द्या तुमच्याकडे."

"का?"

"परत यायला काहीतरी कारण लागेल ना."

मी काय उत्तर देणार होते कोण जाणे, पण तेवढ्यात माझे बाबा आले.

माझे बाबा म्हणजे माधव सर. नगरच्या अर्ध्या लोकांना त्यांनी गणित शिकवलंय आणि उरलेल्या अर्ध्यांना त्यांची छडी ऐकून माहीत आहे. बाबा आयुष्यात कधी फुकट काही घेत नाहीत. गुऱ्हाळात चाखायला दिलेल्या गुळाचेही ते पैसे देऊन येतात. लग्नाला गेले तर आधी आहेर, मग ताट. मी म्हटलं, बाबा, आज तरी मोफत घ्या, मूल इथेच बसलंय.

"मूल खिडकीच्या आत बसलंय," बाबा म्हणाले. "फलकावर 'सोबत' लिहिलंय. आणि मला फुकट नको. एक तिकीट दे."

त्यांनी तिकीट काढलं, बिल्ला नाकारला आणि आत गेले. रविराज हे सगळं बाजूला उभा राहून पाहत होता. फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाला, "तुमच्या घरी चहा प्यायचा झाला तरी माणसाला सुट्टे घेऊन यावं लागेल." मी हसू दाबलं. जमलं नाही.

पुढच्या रविवारी तो आला. त्याच्या पुढच्याही आला. दर वेळी तिकीट काढायचा, आतून चक्कर मारायचा आणि बाहेर येऊन काहीतरी शंका विचारायचा. ही कुलपं उघडतात का? अडकित्त्यांवर मोरच का असतात, कावळे का नसतात? मी म्हणायचे, तुमचं सगळं पाहून झालंय. तो म्हणायचा, पाहून झालंय, कळायचं राहिलंय. पाळी बदलून यायचा, डोळे तारवटलेले असायचे, पण यायचा. मीही रविवारी निळा कुर्ता घालायला लागले. आईच्या ते लक्षात आलं. तिनं एका शनिवारी तो कुर्ता न सांगता इस्त्री करून ठेवला.

श्रावणातली गोष्ट. दुपारभर झिमझिम चालली होती. आमच्या नगरला पाऊस असा पाहुण्यासारखा येतो, बसतो न बसतो तोच निघतो. त्या दिवशी मात्र तो रेंगाळला. खिडकीवरच्या पत्र्यावर इतका आवाज होत होता की रविराजला बोलायला अगदी त्या भोकाशी वाकावं लागत होतं. त्याच्या पापण्यांवर थेंब होते.

"मी दर रविवारी तिकीट काढतो," तो म्हणाला. "नेहमीच्या माणसाला काही सवलत?"

"नाही. मोफत फक्त शाळेच्या मुलांना. आणि कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना. त्यांना बारा महिने."

"घरच्यांना..." तो भोकाशी आणखी वाकला. "मग तुमच्या घरचं व्हायला काय करावं लागतं?"

मी तिकीट फाडत होते, ते वेडंवाकडं फाटलं. वर पाहायची हिंमत होत नव्हती. पत्र्यावर पाऊस आणि छातीत त्याहून मोठा आवाज.

"चेष्टा करताय?"

"नाही. आधी चार वेळा चेष्टेत बोलायचं ठरवलं होतं, जमलं नाही. म्हणून सरळ बोलतो. नीलांबरी, मला तू आवडतेस. माझ्या बापाच्या टोपीला तू बिल्ला लावलास ना, तेव्हापासून." मग घाईघाईनं, "म्हणजे त्याच्या आधीपासूनच. नियम सांगत होतीस तेव्हापासून."

त्यानं पहिल्यांदाच मला 'तू' म्हटलं होतं. मी म्हटलं, मलाही. एवढंच म्हटलं. मग म्हटलं, "पण मी बाबांच्या होकाराशिवाय काही करणार नाही, रवी. पळून वगैरे तर मुळीच नाही. आणि बाबा फुकट घेत नाहीत, तसं फुकट देतही नाहीत."

"मी कुठं फुकट मागतोय," तो म्हणाला. "थांबीन की."

आणि त्याला थांबावं लागलं.

दिवाळीच्या आधी मी बाबांना सांगितलं. ते वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी त्याची घडी घातली, मग ती घडी पुन्हा घातली. त्यांनी जात काढली नाही. काढली असती तर भांडता तरी आलं असतं. त्यांनी विचारलं, मुलगा कसा आहे? मी सांगितलं. मग म्हणाले, "वाईट आहे असं काही सापडत नाही, याचाच मला राग येतोय." त्यांचं घर मोठं, माणसं भरपूर, आपलं घर तिघांचं, असं काहीबाही बोलत राहिले. शेवटी चष्मा पुसत खरं काय ते बोलले. "नीलू, दिलं की गेलं. हिशेब असाच असतो. तू गेलीस की इथं काय उरणार?"

 त्यांनी नाही म्हटलं नाही, होही म्हटलं नाही. रविराज घरी येऊ लागला. बाबा त्याच्याशी पावसावर बोलत, सुप्याच्या रस्त्यावर बोलत, त्याला अहोजाहो करत आणि तो त्यांना 'सर' म्हणे. चहा होई. मूळ विषय तेवढा बाजूला राही. त्याच्या घरून केव्हाच होकार आला होता. रंगनाथबाबा म्हणे म्हणाले होते, पोरीनं बिल्ला लावला तवाच मला कळलं हुतं.

मग पौषात एके दिवशी सहादेव एकटेच आमच्या दारात उभे राहिले. खांद्यावर लिंबांची पिशवी. त्यांच्या मळ्यातली लिंबं, पातळ सालीची, घरभर वास सुटला. आईनं पिशवी आत नेली. बाबा लगेच उठले आणि खुंटीवरच्या सदऱ्यातून पाकीट काढलं. मी मनात म्हटलं, संपलं.

सहादेव नोटांकडे पाहत राहिले. ते मुळात कमी बोलणारे. 

"गुरुजी, पैशे घेतो की मी. माझी ना न्हाई," ते म्हणाले. "पर पैशे घेतले की तुमी गिऱ्हाईक झाला. न्हाई घेतले तर पाव्हनं. आता काय व्हायचं, त्ये तुमीच सांगा. मला काय घाई न्हाई."

बाबांचा हात तसाच राहिला. ना पुढे, ना मागे. आम्ही सगळे त्या हाताकडे पाहत होतो. मग त्यांनी नोटा टेबलावर ठेवल्या, म्हणजे दिल्याही नाहीत आणि खिशातही घातल्या नाहीत. सहादेव चहा पिऊन, टोपी सारखी करून निघून गेले. बिल्ला टोपीच्या आतल्या बाजूला लावलेला होता. टोपी काढली तेव्हा मला दिसला, आणि मला वाटतं बाबांनाही.

आईनं लिंबांचं लोणचं घातलं. बाबांनी त्याला हात लावला नाही. रोज ताटाजवळ बरणी यायची आणि रोज तशीच परत जायची. मी रविराजला म्हणायचे, हे लोणचं मुरेल, आपलं काही खरं नाही. तो म्हणायचा, मुरू दे, मुरल्यावरच चव येते. पण मला एकटीला रडू यायचं. मला तो हवा होता आणि बाबाही हवे होते. दोघांतला एक निवडायला मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि तेच सगळ्यात अवघड होतं.

जून आला. विश्वस्तांनी पुन्हा फलक लावला. शनिवारी रात्री उशिरा रविराजचा फोन आला, उद्या मला जमणार नाही, कामावर बोलावलंय. माझा चेहरा पडला. रविवारी सकाळी निघायच्या आधी मी पोळी खात होते. समोर बाबा जेवायला बसले, पोळीचा तुकडा मोडला आणि आईला म्हणाले, "ते लोणचं कुठंय?"

आईनं बरणी आणली. बाबांनी एक फोड घेतली, खाल्ली, डोळे मिटले, आणि आणखी एक घेतली. मी आईकडे पाहिलं, आईनं माझ्याकडे. मग दोघींनीही माना खाली घातल्या. उगाच नजर लागायची.

रांग मागच्या वर्षीपेक्षा मोठी होती. पंखा नवा होता, एवढंच काय ते सुख. मी बिल्ले लावत होते, 'सोबत मूल हवं' हे वाक्य घोकत होते. दुपार कलली आणि त्या भोकातून आवाज आला.

"एक तिकीट दे."

हा आवाज बाबांचा. मी मान वर न करताच तिकीट फाडू लागले. वाटलं, यंदाही तेच.

"माझं नाही," बाबा म्हणाले. "याचं."

मी वाकून पाहिलं. बाबांच्या शेजारी रविराज उभा होता. इस्त्रीचा शर्ट, कामावर बिमावर काही नाही. त्याचा चेहरा असा झाला होता की त्याला हसावं की पळावं हे कळत नव्हतं. बाबांनी आदल्या रात्री त्याला फोन केला होता, उद्या मला घ्यायला या आणि नीलूला बोलू नका, एवढंच म्हणून ठेवून दिला होता. बिचारा रात्रभर जागा होता.

"आणि... तुमचं तिकीट?" मी विचारलं. 

"वडिलांना मोफत आहे ना?"

"हो. पण सोबत मूल हवं," मी म्हटलं. नियम तो नियम. आणि खरं तर मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. "हे तुमचे कोण?"

मागे रांग चुळबुळत होती. बाबांनी घसा साफ केला, वर्गात साफ करायचे तसा.

"मुलगा आहे," ते म्हणाले. "देऊन टाकायचं असतं असंच मी इतके दिवस धरून बसलो होतो. हिशेब चुकला माझा. आज काहीतरी फुकट घ्यायला आलोय. दे."

मला पुढचं काही दिसेना. मी ओढणीनं डोळे पुसले, मोफतचं तिकीट फाडलं, पुन्हा वेडंवाकडं. बाबा म्हणाले, नीट फाड, लोक बघतायत. त्यांचा स्वतःचा आवाज कुठे नीट होता? मी बिल्ला रविराजच्या हातात दिला. त्यानं तो बाबांच्या खिशावर धरला.

"सर, जरा हलू नका," तो म्हणाला.

"सर शाळेत," बाबा म्हणाले. "तू मला काका म्हण. तुझ्या घरी वडिलांना म्हणतोस ना, तसं."

 रविराजनं खाली वाकून बाबांच्या पायांना हात लावला, आणि उठताना त्या अर्धगोल भोकातून माझ्याकडे पाहिलं. वर्षभर तो दर रविवारी तिकीट काढून याच खिडकीशी थांबला होता. आता त्याला बारा महिने मोफत.

"काका, चला," तो म्हणाला. "तुम्हाला अडकित्ते दाखवतो. मला त्यातलं बरंच कळतं आता."

दोघं आत गेले. बाबांनी जाता जाता खिशावरचा बिल्ला एकदा चाचपून पाहिला. मागच्या माणसानं काचेवर टिचकी मारली, म्हणाला, मॅडम, आमचेही वडील आहेत हो. मी नाक ओढलं, नवा बिल्ला उचलला आणि विचारलं, सोबत मूल कोण आहे?